बारा मीटरवरचं घमेलं

(या भागाचं हे शब्दांकन मीच केलं आहे. बोलताना आलेली ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे कसंय ना’ बरीचशी काढली आहेत. काही राहिली असतील तर सांभाळून घ्या.)

[रील फिरल्याचा आवाज]

हा आवाज ऐकलात? मच्छर मारायच्या बॅटचा नाही आणि ड्रोनचाही नाही. बेटकास्टिंग रीलचा स्पूल मोकळा सोडून मी बोटाने टिचकी मारली, त्याचा आहे. आता पुढचा आवाज ऐका.

[घर्रर्र... खट्]

हा माझ्या साडेचार हजार रुपयांचा कचरा झाल्याचा आवाज. पहिले तीन आठवडे मी फक्त हाच आवाज ऐकत होतो.

नमस्कार मंडळी. नेहमी आपण इथे कोड, नोकरी, इंटरव्ह्यू असलं काहीतरी बोलतो. आज मासेमारीबद्दल बोलायचंय. खरं तर मासे पकडण्याबद्दलही नाही, नेमकं फेकण्याबद्दल. गळ लावलेली वस्तू बारा मीटरवरच्या दोन-तीन फुटांच्या जागेत टाकायची, आणि ती टाकताना कोणाला इजा होऊ द्यायची नाही. यातला दुसरा भाग मी आधी शिकायला हवा होता. तो नंतर शिकलो. का, ते सांगतो.

माझं आजोळ रायगडमधल्या खारेपाटात. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले आहेत. बांधाच्या आत भातशेती आणि मासे राखायची तळी, बाहेर तिवरांचं रान आणि चिखल. बांधात ठिकठिकाणी उघाड्या. उघाडी म्हणजे पाणी सोडायची झडपेची दारं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटतं, सुकती लागली की आतल्या पाण्याने उघडतं. वीज नाही, सेन्सर नाही. आम्ही ऑफिसात ज्याला ऑटोमेशन म्हणतो ते हे लोक पिढ्यान् पिढ्या वापरतायत.

तर सुकतीला उघाडीतून पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर बारीक मासे आणि कोळंबी वाहून येतात. ते खायला जिताडा खांबाच्या आडोशाला येऊन थांबतो. जिताडा पाठलाग करत फिरणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. सावलीत, खांबाला चिकटून, प्रवाहाच्या कडेला. त्याच्या तोंडासमोरून आमिष गेलं तर घेतो, चार फूट बाजूने गेलं तर बहुतेक वेळा ढुंकूनही बघत नाही. म्हणून फेक नेमकी पाहिजे.

मामा आयुष्यभर हाताने गरवतो. रॉड नाही, रील नाही. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, वजन आणि गळाला जिवंत कोळंबी. डोक्यावर दोन गिरक्या देऊन सोडतो आणि जिथे म्हणेल तिथे पडतं. पण गावच्या उघाडीवर एक जागा आहे, तिथे त्यालाही जमत नाही. खांब आणि दाराची चौकट यांच्यामध्ये साधारण तीन फुटांची फट आहे. वरून चालायच्या वाटेचा सिमेंटचा स्लॅब. डावीकडे तिवराच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या. वरून टाकलं तर स्लॅबवर आपटतं, बाजूने टाकलं तर फांदीत जातं. पाण्याला लागून, सपाट, स्लॅबच्या खालून जायला हवं. मामा दरवर्षी म्हणायचा, “मोठा तिथं बसतो.”

मी पुण्यात बसून यूट्यूबवर बघत होतो. लोक जेट्टीच्या खाली, झाडाच्या बुंध्याला, अशी लुअर सरकवतात की पाण्यावर धड तरंगही उठत नाही. त्यांच्या हातात बेटकास्टर. मी ठरवलं, हेच हत्यार. ऑर्डर केलं, सव्वासहा फुटी रॉड घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर तिच्या माहेरी गेलो. सराव किती केला होता? बॉक्स उघडून सोफ्यावर बसून हँडल फिरवलं होतं.

[हसतो]

अमावास्येनंतरचा दुसरा दिवस. उधाण. मामा म्हणाला होता, “आज पाण्याला जोर आहे, थांब चार दिवस.” माझी रजा चार दिवसांचीच होती. मी आणि धाकटा मामेभाऊ बांधावर गेलो. तेव्हा तो आठवीत होता. रॉड नवा, रील नवं, त्यामुळे त्याला माझ्या अगदी जवळ उभं राहायचं होतं.

पहिली फेक: घर्रर्र, खट्. लुअर सहा-सात मीटर गेली, स्पूलवर चिमणीचं घरटं. वीस मिनिटं सोडवत बसलो. दुसरी फेक: तेच. आणि मग मी जे केलं ते माझ्या क्षेत्रातले लोक रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बंद पडल्यावर करतात. काय बिघडलंय ते न बघता जोर वाढवला. मला वाटलं, जोरात फेकलं की लांब जाईल आणि गुंता होणार नाही. रॉड उजव्या बाजूने पूर्ण मागे नेला, टोकापासून लुअर चांगली हातभर लोंबकळत होती, आणि मागे पाहिलं नाही.

रॉड पुढे आलाच नाही. मागे काहीतरी अडकल्यासारखं झालं. मला वाटलं झुडूप. मी हिसका देणार होतो. त्याआधी त्याचा आवाज आला म्हणून थांबलो. तिहेरी गळातला एक गळ त्याच्या उजव्या दंडात, खांद्याच्या जरासा खाली, उलट्या काट्यासकट आत.

तो रडला नाही. “दादा, ओढू नको,” एवढंच म्हणाला. डोळ्यापासून ते अंतर वीतभर असेल. ती वीत मी अजूनही मोजतो.

मोटरसायकलवर त्याला मध्ये बसवला, लुअर दंडाला लटकलेली, तंगूस कापलेला. डॉक्टरांनी जागा बधिर केली, गळ मागे न ओढता पुढे ढकलून टोक कातडीबाहेर काढलं, उलटा काटा पक्कडने तोडला आणि मग गळ आल्या वाटेने बाहेर घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शन. सगळं मिळून अर्धा तास. डॉक्टर मला म्हणाले, “घरी ओढला असता तर मांस घेऊन आला असता.”

मामी मला काही बोलली नाही. जेवायला वाढलं, चकल्या बांधून दिल्या. पण काही बोलली नाही. ज्यांच्या घरात अशी एखादी मामी आहे त्यांना कळेल.

पुण्यात आल्यावर रील दोन महिने कपाटात होतं. विकून टाकावं असं वाटत होतं, जाहिरातही लिहिली होती. मग एका रविवारी ती जाहिरात टाकण्याऐवजी रील उघडून बसलो. कारण गुंता का होतो हे मला अजून माहीत नव्हतं, आणि बीटेक केलेल्या माणसाला हे जरा लाजिरवाणं वाटलं.

आपलं नेहमीचं स्पिनिंग रील असतं ना, त्यात स्पूल फिरत नाही. दोरा स्पूलच्या तोंडावरून वेटोळी सुटत सुटत जातो, शेवटी आपोआप थांबतो. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतो. लुअर दोऱ्याला ओढते, दोरा स्पूलला फिरवतो. माझ्या रीलवर भरलेल्या स्पूलचा घेर साधारण दहा सेंटिमीटर आहे. लुअर सेकंदाला वीस मीटर वेगाने निघाली तर स्पूलला सेकंदाला दोनशे फेरे मारावे लागतात. मिनिटाला बारा हजार. आणि हे शून्यापासून पापणी लवायच्या आत.

इथपर्यंत ठीक. पुढे हवेच्या विरोधाने लुअर लगेच मंदावायला लागते. स्पूलला ते कोण सांगणार? तो आपल्या जडत्वाने बारा हजारावरच फिरतोय. लुअर मागते त्यापेक्षा जास्त दोरा तो देतो. जादा दोऱ्याला बाहेर जायला जागा नाही, तो स्पूलवर फुगतो, उलटा गुंडाळला जातो आणि खट्. यालाच बॅकलॅश म्हणतात. ज्यांनी सर्व्हर आणि क्लायंटच्या वेगात फरक पडल्यावर रांग तुंबलेली पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आता माझी चूक बघा. मी जोर वाढवला, म्हणजे सुरुवातीचा वेग वाढवला, म्हणजे स्पूल आणि लुअर यांच्यातली दरी वाढवली. पेटलेल्या चुलीवर रॉकेल.

या दरीवर तीन उपाय रीलमध्येच दिलेले असतात. एक, हँडलच्या बाजूची छोटी गोल चकती, ती स्पूलच्या आसाला दोन्ही टोकांनी हलकी दाबते. दुसरा ब्रेक, दुसऱ्या बाजूच्या झाकणावर किंवा आत. आणि तिसरा तुमचा अंगठा.

ब्रेकमध्ये दोन जाती. सेंट्रिफ्यूगल ब्रेकमध्ये बारीक गुटके असतात, स्पूल फिरला की ते बाहेर फेकले जातात आणि कड्याला घासतात. वेग दुप्पट झाला तर त्यांचा दाब चौपट. म्हणजे सुरुवातीच्या झटक्यात ते जोरात लागतात आणि नंतर जवळजवळ नसल्यासारखे. मॅग्नेटिकमध्ये घासणारं काहीच नाही. ॲल्युमिनिअमच्या स्पूलजवळ चुंबक. आता ॲल्युमिनिअमला चुंबक चिकटत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. पण ॲल्युमिनिअम चुंबकासमोर फिरायला लागलं की त्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते स्वतःच्याच फिरण्याला विरोध करतात. लेन्झचा नियम. बारावीत पाठ केला, बोर्डात लिहिला, इंजिनिअरिंगला परत लिहिला. खरा कळला तो त्या रविवारी, जेवणाच्या टेबलावर, स्पूल बोटाने फिरवून चुंबकाची चकती पुढे-मागे करताना. आई म्हणाली, “जेवायचं आहे का फिरवायचं आहे?”

मग सेटिंग. हे नीट ऐका, कारण नवशिक्यांचे निम्मे गुंते इथेच संपतात. जी लुअर फेकायची तीच बांधा. रॉड आडवा धरा, लुअर टोकापासून वीतभर खाली. थंबबार दाबा आणि अंगठा सोडा. लुअर धपकन पडली तर आसाची चकती घट्ट करा. जागची हललीच नाही तर सैल करा. ती सावकाश खाली उतरली पाहिजे, आणि जमिनीला टेकताक्षणी स्पूल स्वतःहून थांबला पाहिजे. लुअर बदलली, वजन बदललं, की हे परत करा. ब्रेक सुरुवातीला जवळजवळ पूर्ण लावा. अंतर कमी मिळेल, मिळू द्या. आठवड्याला एक-एक घर कमी करत या.

आणि दोरा. मी पहिल्याच दिवशी वेणीचा पातळ दोरा भरला होता, कारण व्हिडिओत सगळे तोच वापरत होते. तो गुंतला की स्वतःच्याच थरात रुततो, सुटत नाही. शिकताना साधा जाडसर तंगूस बरा, बारा-पंधरा पौंडाचा. स्वस्त असतो, आणि गुंता डोळ्यांना दिसतो. अजून एक युक्ती: जेवढं लांब फेकायचं आहे त्याहून पाच-सहा मीटर जास्त दोरा बाहेर काढा आणि स्पूलवर उरलेल्या दोऱ्यावर इलेक्ट्रिशियनच्या चिकटपट्टीचा एक वेढा मारा. गुंता झालाच तर पट्टीच्या खाली जाऊ शकत नाही. आम्ही ज्याला सँडबॉक्स म्हणतो, तेच.

सरावाला गळ नाही. हा नियम मी आईला सांगून केला, म्हणजे मोडता येणार नाही. दहा ग्रॅमचं प्लॅस्टिकचं सरावाचं वजन मिळतं. नसेल तर गळ काढलेली जुनी लुअर चालते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी एका काकांनी त्यांच्या गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मग मी मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. सकाळी साडेसहा ते सव्वासात. टेप घेतली, बारा मीटर मोजले आणि तिथे बांधकामावरचं एक जुनं घमेलं ठेवलं.

पहिल्या आठवड्यात रोज पन्नास फेकी. घमेल्यात पडलेल्या सरासरी तीन.

मी त्या एक्सेलमध्ये लिहीत होतो. हसा. पण त्या एक्सेलनेच मला पुढे नेलं, कारण मी नुसतं ‘चुकलं’ असं न लिहिता दोन रकाने केले. डावं-उजवं किती चुकलं, आणि पुढे-मागे किती चुकलं. दोन आठवड्यांनी बघितलं तर दोन्ही चुकांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. त्या दोन वेगळ्या चुका होत्या, दोन वेगळ्या जागी होणाऱ्या.

डावी-उजवी चूक रॉडच्या वाटेत असते. डोक्यावरून फेकताना रॉड सरळ मागून सरळ पुढे आला, टोक घमेल्याच्या रेषेत थांबलं, तर वजन त्या रेषेतच जातं. माझा रॉड शरीरावरून तिरका डावीकडे जात होता, म्हणून माझ्या बहुतेक फेकी डावीकडे. यात मनगटाचा वाटा मोठा. बेटकास्टर रॉडच्या वर बसतं. तसंच वर ठेवून फेकलं तर मनगट मागे पुरतं वळत नाही, मग माणूस कोपर आणि खांदा वापरतो आणि वाट वाकडी होते. उजव्या हाताचं हँडल असेल तर फेकताना हात आतल्या बाजूला वळवा, हँडल आकाशाकडे. मनगट मोकळं होतं. हे मला कोणी सांगितलं असतं तर एक महिना वाचला असता. आता तुमचा वाचला.

बाजूने फेकत असाल तर गणित वेगळं. उजव्या हाताच्या माणसाचा रॉड उजवीकडून डावीकडे येतो. अंगठा लवकर सोडला तर वजन उजवीकडे, उशिरा सोडला तर डावीकडे. डोक्यावरून फेकताना हीच चूक उंचीत दिसते: लवकर सोडलं तर आभाळात, उशिरा सोडलं तर पायाशी.

पुढची-मागची चूक मात्र जोराची नाही. मला आधी तसंच वाटायचं. बारा मीटरला नेमका बारा मीटरचा जोर लावायचा, असं मी दोन महिने शिकत होतो आणि येत नव्हतं. येणारही नाही, वारा जरा फिरला की ते गणित संपलं. खरी पद्धत अशी की पंधरा मीटर जाईल एवढं, पण सपाट आणि खालून फेकायचं, आणि बारा मीटरवर अंगठ्याने थांबवायचं. अंगठा स्पूलवरून पूर्ण उचलायचाच नाही. पीस टेकवल्यासारखा ठेवायचा. वजन घमेल्याजवळ आलं की दाब वाढवत न्यायचा आणि टेकायच्या क्षणाला स्पूल बंद. यात दोन फायदे. वजन धपकन न पडता हळू उतरतं, आणि स्पूल आधीच थांबलेला असल्यामुळे शेवटचा गुंता होतच नाही. नवशिक्याचे बरेचसे गुंते लुअर पाण्याला टेकल्यानंतरही स्पूल फिरत राहिल्यामुळे होतात. लुअर थांबली आणि हा पठ्ठ्या चालूच.

नजर कुठे? घमेल्यावर. उडणाऱ्या वजनावर नाही, रीलवर तर नाहीच. गोट्या खेळताना कोणी स्वतःच्या बोटाकडे बघतं का?

चौथ्या महिन्यात पन्नासात एकवीस. तिथेच तीन आठवडे अडकलो. मग एकदा उन्हाळ्यातलं वारं समोरून होतं आणि परत गुंते सुरू झाले. समोरच्या वाऱ्यात लुअर लवकर मंदावते, म्हणून ब्रेक वाढवायचा आणि फेक अजून खालून ठेवायची. साधी गोष्ट, पण मी त्या सकाळी वैतागून रॉड जमिनीवर आपटला होता. टोकाचं कडं वाकलं. ऐंशी रुपये.

मध्येच एक गंमत सांगतो. ही फिरत्या स्पूलची रीलं बनवणारे सुरुवातीचे लोक कोण असतील? घड्याळजी. १८२० च्या सुमाराला अमेरिकेत केंटकीमधल्या पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने दाते जोडून रील केलं, हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे. आणि १९५२ साली ज्या ॲम्बॅसेडर ५००० रीलने या प्रकाराला नवं रूप दिलं, ती स्वीडनची आबू कंपनी. आबू म्हणजे ‘आबे उर्फाब्रिकेन’चं लघुरूप, उर्फाब्रिकेन म्हणजे घड्याळांचा कारखाना. सूक्ष्म दाते, सूक्ष्म आस, कमीत कमी घर्षण. रील उघडल्यावर मला आजोबांच्या मनगटी घड्याळाची आठवण आली होती, ती उगाच नव्हती.

आणि नुसतं नेमकं फेकण्याच्या स्पर्धा असतात, माशाविना. अमेरिकेत तीस इंच व्यासाच्या चकत्यांवर फेकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये फक्त सरावासाठी बांधलेले हौद आहेत. हे वाचल्यावर माझं घमेलं मला एकदम प्रतिष्ठित वाटायला लागलं.

आता ती स्लॅबखालची फट. तिच्यासाठी डोक्यावरून फेक उपयोगाची नाही. तिथे पिचिंग लागतं. दोरा रीलच्या उंचीपर्यंत सोडायचा, लुअर डाव्या हातात धरायची. रॉडचं टोक खाली पाण्याकडे. मग टोक सावकाश पुढे वर उचलायचं आणि त्याच क्षणी डावा हात लुअर सोडतो. फेकत नाही, सोडतो. लुअर लंबकासारखी पाण्यापासून वीत-दोन वीत वरून सरकत जाते. मागे काही जात नाही. मागे कोणी उभं असलं तरी त्याला काही होत नाही. पिचिंग शिकायचं माझं खरं कारण हे होतं, मी कोणाला सांगितलं नव्हतं.

स्पिनिंग रीलने हे होत नाही असं अजिबात नाही. बोटाने दोरा थोपवून लोक तेही सुंदर करतात. हलक्या लुअरला, पाच-सात ग्रॅमच्या खाली, स्पिनिंगच घ्या, माझ्यासारख्या साध्या बेटकास्टरशी भांडू नका. पण दहा ग्रॅमच्या वर, जवळच्या जागेत, तासाला शंभर वेळा तीच फेक टाकायची असेल तर अंगठ्याखाली फिरणारा स्पूल असणं वेगळंच आहे.

नवव्या महिन्यात मी घमेल्यावर दोन विटा उभ्या करून पाट आडवा ठेवला. स्लॅब. त्याखालून पन्नासात अठ्ठावीस. बास झालं म्हटलं.

या दिवाळीला गेलो तेव्हा घाई केली नाही. वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि कार्तिकातल्या अष्टमीपर्यंत थांबलो. भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी. सकाळी सहाच्या सुमाराला भरती पुरी झाली, आठला सुकती चांगली लागलेली. निघायच्या आधी मामी ओट्यावर आली. माझी लुअरची डबी उघडली. मी प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून सपाट केला होता. तिने एकेका गळावरून नख फिरवून पाहिलं. सगळ्या. नऊ लुअर, अठरा गळ, प्रत्येकाला तीन टोकं. मग डबी मिटून माझ्या हातात दिली आणि धाकट्याला म्हणाली, “चष्मा घाल.” मी दोघांसाठी कारखान्यात घालतात तसले पारदर्शक चष्मे नेले होते.

बांधावर धाकटा आपणहून माझ्या डाव्या बाजूला, चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. आता तो नववीत आहे, आवाज फुटलाय. मामा त्याच्याही मागे, विडी पेटवून.

पहिली फेक कमी पडली. दुसरी खांबावर, टक्. तिसरी डावीकडे फांदीच्या अगदी काठाला लागून गेली, अंगठ्याने थांबवली म्हणून वाचली. चौथी स्लॅबच्या खालून गेली आणि फटीत अशी उतरली की मलाच दिसली नाही, फक्त दोरा आत गेलेला दिसला. मामा म्हणाला, “हां.”

दोन वेळा हलवली. तिसऱ्यांदा हलवायच्या आधी पाणी फुटलं. असा आवाज मी घमेल्यात कधी ऐकला नव्हता. रॉड वाकला, मोजून तीन-चार सेकंद, आणि तो उजवीकडे खांबामागे वळला. खांबाला कालवं असतात, त्यांच्या धारेवर दोरा गेला. सैल.

फेकण्यासाठी एक वर्ष दिलं होतं. मासा लागल्यावर त्याला खांबापासून बाहेर कसं ओढायचं, याचा एक दिवसही सराव नव्हता. जाड लीडर हवा होता, ड्रॅग घट्ट हवा होता, आणि मी दोन पावलं उजवीकडे उभं राहायला हवं होतं. मामाने हे तिथल्या तिथे सांगितलं, रीलला हात न लावता.

तुटलेला दोरा आम्ही पाणी उतरल्यावर चिखलात जाऊन काढला, गुडघाभर. तो काढाच. तिवरात सोडलेला तंगूस वर्षानुवर्षं राहतो, बगळ्यांच्या पायात अडकतो. आणि हो, धरणावर किंवा तलावावर जाणार असाल तर आधी विचारा. मासेमारीचा हक्क बऱ्याच ठिकाणी ठेक्याने दिलेला असतो, तिथे आपण पाहुणेही नसतो.

चिखल धुऊन बसलो होतो तेव्हा धाकट्याने रॉड उचलला. म्हणाला, “मी टाकू?” मी गळ असलेली लुअर काढली, सरावाचं वजन बांधलं, बांधाच्या आतल्या बाजूला मोकळ्या शेतात तोंड केलं. मामा उठून बाजूला झाला. धाकट्याने मागे वळून पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं, परत मागे पाहिलं आणि मग फेकलं.

घर्रर्र. खट्.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, स्पूलवर अंगठा दाबून धर, हँडल दोन-तीन वेळा फिरव, मग अंगठा सोड आणि दोरा हळू ओढ. हिसका देऊ नको. तो मांडी घालून बांधावर बसला आणि सोडवायला लागला. आम्ही दोघं चहा प्यायला घरी गेलो. तासाभराने परत आलो तेव्हा तो तिथेच होता, आणि शेतात त्याने आपली चप्पल उलटी करून ठेवली होती. निशाण म्हणून.